कचरा पकडायचा की लेसरने ढकलायचा? विषय निवडणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय. अंतराळातल्या कचऱ्यावर काम करायचं हे नक्की आहे, एम.टेक. असो नाहीतर नोकरी, पण रोबोच्या हाताने पकडून खाली आणण्याच्या बाजूला जाऊ की लेसरच्या, आणि पैशाच्या हिशेबात दहा वर्षांनी यातलं काय टिकलेलं असेल. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी आधी पकडण्याच्या बाजूला होतो आणि मग लेसरकडे आलो, त्यामुळे माझं मन कुठे झुकतं ते कळेलच, पण ज्याला दुसरं पटतं त्याच्याकडेही चांगली कारणं आहेत, तीही सांगतो. तुकडे किती, धडक कशी होते, एकातून दुसरी कशी सुरू होते हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय.

सुरुवात एका उड्डाणापासून करतो, कारण माझ्या डोक्यात हा सगळा हिशेब त्याच उड्डाणामुळे पक्का बसला. २२ ऑक्टोबर २००१ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३ गेलं. त्यात आपला टीईएस होता, जर्मनीचा बर्ड होता आणि युरोपचा छोटासा प्रोबा-१ होता, वजन जेमतेम ९४ किलो. तिन्ही उपग्रह नीट पोचले. पण रॉकेटचा चौथा टप्पा वरच राहिला आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, तो फुटला आणि त्याचे तीनशेच्या वर तुकडे झाले. बरेचसे नंतर खाली येऊन जळाले, काही अजून फिरतायत.

आता पुढचं बघा. युरोपच्या अंतराळ संस्थेने २०२० मध्ये क्लिअरस्पेस-१ नावाच्या मोहिमेसाठी ८.६ कोटी युरोचा करार केला, चार हातांचं यान पाठवून एक वस्तू पकडायची आणि खाली आणायची. आधी ठरलं होतं की वेगा रॉकेटचा वेस्पा नावाचा एक भाग आणायचा, वजन ११२ किलो. २०२३ च्या ऑगस्टात कळलं की त्या वेस्पाजवळ नवीन तुकडे दिसतायत, म्हणजे यान तयार होईपर्यंत त्या वस्तूलाच बहुतेक कुठलातरी बारीक तुकडा येऊन धडकला होता. मग लक्ष्य बदललं आणि नवीन लक्ष्य ठरलं प्रोबा-१, तोच, आपल्या रॉकेटने गेलेला.

म्हणजे एकाच उड्डाणातून दोन प्रकारचा कचरा झाला. एक अख्खा, ९४ किलोचा, ज्याचा पत्ता माहीत आहे, ज्याचा मालक माहीत आहे आणि मालकाची परवानगीपण आहे. दुसरा तीनशे तुकड्यांचा. पकडणारं यान पहिल्यासाठी आहे, आजच्या भावाने आठशे कोटी रुपयांच्या वर, म्हणजे किलोला नऊ कोटींच्या आसपास. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे काहीच नाही. आणि वेस्पाला धडकलं ते दुसऱ्या प्रकारातलंच काहीतरी असावं.

हा भागाकार थोडा अन्यायाचा आहे हे मान्य. पहिली मोहीम नेहमीच महाग असते, त्यात सगळं शिकण्याचा खर्च असतो. जपानचं उदाहरण जास्त बरं आहे. अ‍ॅस्ट्रोस्केल या कंपनीचं एड्रास-जे हे यान फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलं आणि २००९ पासून वर पडून असलेल्या एच-२ए रॉकेटच्या टप्प्याजवळ वर्षअखेरीला पंधरा मीटरपर्यंत जाऊन आलं, टप्पा अकरा मीटर लांब आणि तीन टन वजनाचा. तो खाली आणायच्या पुढच्या मोहिमेचा जाक्साशी, म्हणजे जपानच्या अंतराळ संस्थेशी, करार साधारण १,३०० कोटी येनचा आहे, सातशे कोटी रुपयांच्या वर. आधीच्या पाहणीचा खर्च वेगळा धरला तर किलोमागे पंचवीस लाखांच्या घरात येतं. नऊ कोटींवरून पंचवीस लाख. म्हणजे पकडण्याचा धंदा जमतो तो वजनदार मालात. झेनित रॉकेटचे ते नऊ-नऊ टनांचे टप्पे, जे धोक्याच्या यादीत सगळ्यात वर असतात आणि साधारण ८४० किलोमीटरवर एकमेकांच्या आसपास फिरतात, त्यांना लेसरने कायमचं खाली आणायचं स्वप्न मीही बघत नाही. तिथे पकडणाऱ्यांचंच काम आहे. प्रश्न एवढाच, की ते टप्पे रशियाच्या ताब्यातले, आणि १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार वस्तू मोडकी झाली तरी ज्या देशाच्या नोंदीवर आहे त्याचा हक्क सुटत नाही, त्यामुळे हात लावायच्या आधी विचारावं लागतं.

आता माझं कारण सांगतो. ते पैशाचं कारण नव्हतं, निदान सुरुवातीला तरी नव्हतं.

आमच्या लॅबमध्ये काचेचं मोठं टेबल होतं, त्यावर एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा, डब्याखाली हवेचे तीन पॅड. सिलेंडरमधून हवा सोडली की डबा केसभर वर उचलला जायचा आणि घर्षण जवळजवळ संपायचं, मग बोटाने जरा टोचलं तरी तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. त्याला गरगर फिरवायचं, मिनिटाला दोन-तीन फेरे, फार नाही, आणि रोबोच्या हाताने पकडायचं. स्थिर डबा आम्ही दुसऱ्याच आठवड्यात पकडला होता, पेढे वाटले होते. फिरणाऱ्या डब्याने सात महिने खाल्ले. चिमटा एका कोपऱ्याला लागायचा आणि दुसरी बाजू मिटायच्या आत तो कोपरा निसटायचा, कारण तिथे लागणं म्हणजेच ढकलणं. डबा आता नवीन दिशेने, नवीन वेगाने फिरतोय, कॅमेऱ्याला तो परत सापडेपर्यंत टेबलाची कड आलेली असायची. मग हवा बंद, डबा मध्ये आणून ठेवा, टेबलाची लेव्हल तपासा (ती रोज हलायची, खालच्या मजल्यावर मशीन चालू झालं की लगेच), हवा चालू, परत फिरवा. एका दुपारी असे आठ-नऊ प्रयत्न व्हायचे आणि सिलेंडर संपायचा. आमच्या पीएचडीच्या ताईंनी एकदा शांतपणे विचारलं, "टेबलावर हा तीनच प्रकारे हलतो रे, वर सहा प्रकारे हलेल तेव्हा?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी जमलं. दहापैकी सहा-सात वेळा पकडायचा, मी खूश होतो. आणि मग सरांनी वेगळा डबा आणला, एका बाजूला नॉझलसारखा शंकू असलेला, कारण खऱ्या रॉकेटच्या टप्प्याला तो असतो. सगळं पहिल्यापासून. चिमट्याची बोटं नवीन, कॅमेऱ्याचं ट्रेनिंग नवीन, कंट्रोलचे आकडे नवीन. त्या दिवशी मला जे खटकलं ते अजून खटकतं. पहिला डबा पकडायला शिकल्याने दुसरा डबा फारसा स्वस्त झाला नाही. हे शिंप्याच्या कामासारखं आहे, प्रत्येक गिऱ्हाईकाचं माप वेगळं, प्रत्येकाला कापड वेगळं बेतायचं, हात सफाईदार होतो हे खरं पण दहाव्या सदऱ्यालाही पहिल्याइतकंच बसावं लागतं. वर तर प्रत्येक वस्तू वेगळी, वेगळ्या वेगाने गरगरणारी, वीस-तीस वर्षांचं ऊन खाऊन तिचं वरचं आवरण कुठे सुटलंय तेही माहीत नाही. आणि एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत जायला इंधन इतकं लागतं की एका यानाने पाच-दहा वस्तू आणायचं गणित कागदावरसुद्धा ओढाताणीचं होतं.

लेसर हे माझ्या मते पिठाच्या गिरणीसारखं आहे. गिरणी टाकायला भरपूर पैसा लागतो, पण एकदा टाकली की पुढच्या प्रत्येक दळणाला वीज आणि माणूस एवढाच खर्च, आणि ज्वारी आहे की बाजरी याने जात्याला फार फरक पडत नाही. अंतर किलोमीटरमध्ये आहे, हात लावायचा नाही, त्यामुळे तुकडा फिरतोय का, कुठल्या आकाराचा आहे, त्याला पकडायला कडी आहे का, हे प्रश्नच बहुतेक गळून पडतात. बहुतेक म्हणतोय, कारण फिरणाऱ्या वेड्यावाकड्या तुकड्याला धक्का नेमका सरळच बसेल असं नाही, पण अनेक धक्क्यांची सरासरी निघते.

यातही दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे नुसत्या प्रकाशाचा दाब. २०११ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातल्या जेम्स मेसन आणि मंडळींनी मांडलं की ५ ते १० किलोवॅटचा बाजारात मिळणारा लेसर आणि दीड मीटरची दुर्बीण घेतली तर हलक्या, पसरट तुकड्यांचा मार्ग इतका बदलता येतो की ठरलेली धडक चुकते. दाब किती? १० किलोवॅटचा सगळा प्रकाश पडला तरी साखरेच्या तीन-चार दाण्यांच्या वजनाएवढा. पण कक्षेत एवढंसं ढकलणं पुढच्या एक-दोन दिवसांत शेकडो मीटरचं अंतर होऊ शकतं, आणि धडक टाळायला तेवढं पुरतं. दुसरा रस्ता म्हणजे जोरदार पल्सने, म्हणजे लेसरच्या क्षणभराच्या झोताने, पृष्ठभागाचा बारीकसा थर उडवायचा, त्याची वाफ एका बाजूला जाते आणि तुकडा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. तेवढ्याच शक्तीत हा धक्का प्रकाशाच्या दाबाच्या हजारो पट असतो. ८०० किलोमीटरवरच्या तुकड्याचा वेग सेकंदाला १६० मीटरने कमी केला की त्याच्या कक्षेचं खालचं टोक २०० किलोमीटरपर्यंत उतरतं आणि बाकीचं काम हवा करते. नासाने १९९६ मध्येच ओरायन नावाच्या अभ्यासात हे तपासलं होतं, आणि क्लॉड फिप्स या संशोधकांनी तर यात उभी हयात घातली, त्यांचा अंदाज एका छोट्या तुकड्यामागे काही हजार डॉलर आणि एका मोठ्या वस्तूमागे दहा लाख डॉलरच्या आसपासचा होता. हे आकडे गिरणी अखंड चालू आहे असं धरून आहेत, हे लक्षात ठेवा.

माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्या रस्त्याचा. छोटा व्हॅक्यूम चेंबर, आत बारीक तारेवर टांगलेला लोलक, त्याच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमची चकती, बाहेरून एक पल्स मारायचा आणि लोलक किती हलला ते मोजायचं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पन्नास शॉट झाले होते. टेबलावरच्या सात महिन्यांनंतर मला ते खरंच वाटेना. चकती काढून कार्बन फायबरचा तुकडा लावला, तासाभरात परत शॉट सुरू, बाकी सगळं तेच. हे काही खर्चाचं मोजमाप नाही, लॅबमधल्या सोयीवरून कक्षेतला खर्च काढता येत नाही हे मला कळतं, पण दुसरा नमुना पहिल्यापेक्षा स्वस्त पडतोय ही गोष्ट मी तिथे पहिल्यांदा हाताने अनुभवली आणि माझं मन तिथेच वळलं. त्रास इथेही आहे, त्याच जागेवर दहा शॉट मारले की खड्डा होतो आणि धक्का बदलतो, त्याचं कारण शोधण्यात माझे तीन महिने गेले. पण ते तीन महिने सगळ्या चकत्यांना उपयोगी पडले, एकट्या एका चकतीला नाही.

नासाच्या धोरण विभागाचा मार्च २०२३ चा खर्च-फायद्याचा अहवाल जरूर वाचा, इंग्रजीत आहे पण सोपा आहे. त्यातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. एक, १ ते १० सेंटिमीटरचे तुकडे काढणं आणि मोठ्या वस्तूंना धडकेच्या आधी जरासं बाजूला ढकलणं हे उपाय खर्च लवकर भरून काढणाऱ्यांत येतात, मोठ्या वस्तू एकेक करून खाली आणण्याला त्याहून बराच जास्त काळ लागतो. दोन, मोठी वस्तू ढकलून धडक टाळणं हे ती कायमची काढून टाकण्याइतकंच परिणामकारक ठरू शकतं. अहवालात अनिश्चितता किती मोठी आहे हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय, तेव्हा यावर डोळे मिटून उडी मारू नका. पण माझ्या टेबलावरच्या अनुभवाशी ते जुळलं.

आता लेसरच्या खोडी, कारण त्या लपवल्या तर तुमची फसवणूक होईल.

पहिली, ढग. नारायणगावजवळ एका मित्राच्या शेतावर आम्ही आठ इंची दुर्बीण घेऊन रॉकेटचे टप्पे बघायला जायचो, प्रकाश कमी-जास्त होतो त्यावरून गरगरण्याचा वेग काढायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुर्बीण गोणपाटात गुंडाळून ठेवायची ती दसऱ्याला काढायची. सह्याद्रीच्या आसपास जमिनीवरची लेसर गिरणी चार महिने बंद राहणार, आणि गिरणी बंद असली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. आपल्याकडे त्यातल्या त्यात लडाखमधलं हान्ले, तिथे दोन मीटरची दुर्बीण आहे, उंची साडेचार हजार मीटर आणि वर्षात अडीचशेच्या आसपास रात्री चांगल्या मिळतात. पण तिथे एवढी वीज न्यायची म्हणजे वेगळाच प्रकल्प.

दुसरी, पाहिजे तसा पल्स लेसर बाजारात मिळत नाही. सेकंदाला अनेक वेळा, हजारो ज्यूलचा, वर्षानुवर्षं न थकता चालणारा. जी मोठी यंत्रं आहेत ती दिवसात मोजके शॉट मारतात. तिसरी, मारायच्या आधी तुकडा दिसला पाहिजे, आणि १० सेंटिमीटरच्या खालच्या लाखो तुकड्यांपैकी बहुतेकांचा पत्ता कुठल्याच यादीत नाही. चौथी मला सगळ्यात अवघड वाटते. जो लेसर कचरा ढकलतो तो चालू उपग्रहाच्या कॅमेऱ्यावरही रोखता येतो, त्यामुळे शेजारी देश विचारणारच. पकडणाऱ्या हातावरही हाच संशय घेता येतो, पण हात जवळ जाताना आठवडे आधी दिसतो, लेसर दिसत नाही.

पैसे कोण देणार हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि यात कुणी जिंकत नाही. साफ झालेली कक्षा सगळ्यांना फुकट मिळते, मग बिल एकट्याने का भरायचं. अखिल राव, मॅथ्यू बर्जेस आणि डॅनियल काफीन या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये हिशेब मांडला होता की प्रत्येक उपग्रहाला कक्षेचं वार्षिक भाडं लावावं, ते वाढत २०४० पर्यंत वर्षाला २,३५,००० डॉलरच्या आसपास न्यावं, म्हणजे या सगळ्या उद्योगाचं एकूण मूल्य चौपट होतं. त्यात एक सूचक गोष्ट आहे, की नुसती सफाई केली आणि भाडं लावलं नाही तर मोकळी जागा बघून लोक अजून उपग्रह सोडतात. असं भाडं कधी आलंच तर मला वाटतं ते गिरणीवाल्याला जास्त मानवेल, कारण त्याचा खर्च महिन्याचा आणि सतत आहे, पकडणाऱ्याचा एकेका मोहिमेचा. हा माझा कयास आहे.

मधला रस्ताही निघतोय. लेसर वरच नेऊन ठेवायचा, म्हणजे ढग नाहीत, हवेतून जाताना किरण पसरायचा प्रश्न नाही, आणि शक्तीही कमी पुरते कारण जवळ जाता येतं. जपानमध्ये रिकेन ही संशोधन संस्था आणि स्कायपरफेक्ट जेसॅट ही उपग्रह कंपनी यांनी २०२० मध्ये असा उपग्रह करायचं जाहीर केलं, त्यातून पुढे ऑर्बिटल लेझर्स ही कंपनी निघाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने मुंबईच्या इन्स्पेसिटी या कंपनीशी करार केला, दोघांनी मिळून याचा अभ्यास करायचा म्हणून. त्यांचा बेत वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच, कारण त्यांना लेसरने आधी वस्तूचं गरगरणं थांबवायचंय. माझे सात महिने ज्यात गेले तेच. मग नंतर ती वस्तू कुणी पकडायची असेल तर खुशाल पकडा.

तेव्हा निवडणाऱ्याने काय करावं? ज्याला लवकर नोकरी हवी आहे, ज्याचा हात कंट्रोल आणि रोबोटिक्समध्ये बसलाय, त्याने पकडण्याची बाजू घ्यावी असंच मी म्हणेन. इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सचं डॉकिंग करून दाखवलं, जवळ जाणं आणि जोडणं हे कौशल्य स्टेशनसाठी, इंधन भरण्यासाठी, दुरुस्तीसाठी लागणारच आहे, कचरा नाही तर दुसरं काही. लेसरवाल्यांना आज आपल्याकडे जागा कमी आहेत. पण ज्याच्या हातात दोन-तीन वर्षं आहेत आणि ज्याला ही अडचण मुळातून स्वस्त व्हावी असं मनापासून वाटतं, त्याला मी लेसरकडे या असं सांगेन, आणि आतापर्यंत विचारणाऱ्या पाचांपैकी तिघांना तेच सांगितलंय.

विषय नक्की करायच्या आधी दोन गोष्टी तेवढ्या विचारून घ्या. तुमच्या गाइडकडे व्हॅक्यूम चेंबर स्वतःचा आहे की दुसऱ्या डिपार्टमेंटचा, कारण दुसऱ्यांचा असेल तर आठवड्यातला एखादा दिवसच मिळतो. आणि लोलक टांगलेलं टेबल तळमजल्यावर आहे का. आमचं दुसऱ्या मजल्यावर होतं, रस्त्यावरून एसटी गेली की रीडिंग जायचं, म्हणून मी शेवटचे सगळे शॉट रात्री साडेअकरानंतर घेतले.